दर गुरुवारी

झोरिया,
१९ एप्रिल २०१७

प्रिय ओरेस्त,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं आता मीही ऐकत नाही.

ईस्टरला तू येशील असं धरून मी सणाचे दोन पास्का पाव भाजले होते. एक चर्चमध्ये नेऊन फादरचा आशीर्वाद घेऊन आणला, दुसरा तुझ्या नावाने फ्रीझरात आहे. सवडीने ये आणि घेऊन जा. फार सवड मात्र घेऊ नकोस, पाव बिचारा किती दिवस दम धरणार! बर्फ गेलं, चिखल आला. हॅरी पावलिकच्या शेतात क्रौंच उतरलेत आणि दिवसभर गावसभेसारखा कलकलाट करतात.

बजेटच्या दिवशी टीव्हीवर तू रेजायनाच्या विधानसभेत दिसलास. मागच्या रांगेत, निळा टाय लावून. अर्थमंत्री बोलत होते आणि तू होकाराची मान हलवत होतास. लहानपणी मी चमच्याने माशाचं तेल पाजायचे, तेव्हा अगदी अशीच मान हलवायचास. घशाखाली उतरत नसलं तरी.

परवा फोनवर मी तुटक बोलले, ते मनावर घेऊ नकोस. तू भाषणाच्या सुरात होतास आणि त्या सुरात तुला मध्ये तोडलेलं आवडत नाही, म्हणून गप्प बसले. आता कागदावर बोलते.

तू म्हणालास, "ताई, तेलाचे भाव कोसळलेत, तिजोरीत खड्डा पडलाय. सरकारी बस वर्षानुवर्षं तोट्यात आहे. अर्ध्या रिकाम्या गाड्या आम्ही किती दिवस पळवायच्या?"

रिकाम्या झाल्या कशा, ते मला विचार. आधी रोज येणारी बस आठवड्यातून तीन दिवसांवर आणली. मग वेळ अशी बदलली, की शहरात डॉक्टरांची पाळी येईपर्यंत परतीची गाडी निघून गेलेली. ज्यांच्याकडे मोटार होती ते मोटारीने जायला लागले. मग तुमची माणसं वह्या घेऊन आली, डोकी मोजली आणि म्हणाली, लोकच चढत नाहीत! पोराला जेवायला वाढायचं नाही, आणि वर म्हणायचं याला भूकच नाही.

नुसत्या तुमच्या पक्षाला बोल लावत नाही. आपलं इस्पितळ बंद केलं ते त्या दुसऱ्यांनी. तेव्हाही तिजोरीत खड्डाच होता. तेव्हाचा मंत्री आपल्या हॉलमध्ये येऊन म्हणाला होता, "सॅस्काटूनला सगळ्या सोयी आहेत, आणि तुमच्या दारातून बस आहे की!" तू तेव्हा माझ्या शेजारी बसून त्याच्यावर ओरडला होतास. त्यांनी इस्पितळ नेलं आणि बस दाखवली. आता तुम्ही बस नेताय. तुम्ही काय दाखवणार?

"खासगी लोक पुढे येतील," असं तू म्हणालास. येवोत बापडे.

आणखी एक. हायवेवर डांबर ओतलं की त्याला तुम्ही गुंतवणूक म्हणता. बसमध्ये डिझेल ओतलं की तोटा. हा हिशोब तुला कोणत्या कॉलेजात शिकवला? फी मीच भरली होती ना, म्हणून विचारते.

गावातही तुझ्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. कॉफीच्या टेबलावर हॅरी पावलिक म्हणाला, "माझा ट्रक आहे. दुसऱ्याच्या तिकिटाचे पैसे मी कशाला भरू?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथे केटली घेऊन उभी होते. मग त्याच्याच लक्षात आलं आणि म्हणाला, "तुझं वेगळं आहे, स्टेफा." वेगळं काय आहे ते त्याला सांगता येईना.

माझं काय आहे, तुला ठाऊक आहे. गुरुवारी सकाळी नाक्यावर बस घ्यायची, दुपारी शहरातल्या शुश्रूषागृहात नवऱ्यापाशी. नेस्टरच्या अर्धांगाला तीन वर्षं होतील. वाचा गेली ती गेलीच, पण डोक्यात सगळं लख्ख आहे. मी गावच्या बातम्या सांगते, तो डाव्या हाताने माझ्या मनगटावर टिचक्या मारतो. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे गप्पा पुरे. पुढच्या थांब्यावर क्री आदिवासींच्या वस्तीतून बर्निस चढते. तिचं कर्करोगाचं औषध चालू आहे. आम्ही दोघी मिळून ड्रायव्हरमागची जागा अडवतो. तिचा डबा मी खाते, माझा ती. तिला माझी कोबीची भरलेली पानं इतकी आवडतात की म्हणते, "मी मेले तर पेटीत दोन ठेव." मी म्हणते, "तू आधी मर तरी!" अशा गोष्टींवर हसायला त्या बसशिवाय दुसरी जागा नाही मला.

डोळ्यांचं तेच. मधोमध धुरकट डाग आहे, कडेकडेने चांगलं दिसतं. गाडी चालवायला मधलंच लागतं म्हणे.

शेवटची बस मे महिन्याच्या अखेरीस. त्याआधी तुला काही करता आलं तर बघ. नाही आलं तर मी समजून घेईन.

तुझी ताई,
स्टेफा


झोरिया,
२६ नोव्हेंबर २०१७

प्रिय ओरेस्त,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. फोटोत तू जाड दिसतोस. कॅमेऱ्याचा दोष असेल.

आमच्याकडे बर्फाने यंदा लवकर मुक्काम टाकला. चर्चची भट्टी बिघडली होती, ती दुरुस्त झाली. बायकांनी मिळून विक्रीसाठी बटाट्याचे पेरोगी भरून उकडले. पूर्वी आम्ही चौदा जणी बसायचो, आता सहा. सहा जणींत भांडायलाही मजा येत नाही. घराबाहेर "विकणे आहे"ची पाटी अजून उभी आहे. दोन वर्षांत एकाने चौकशी केली, तीही पाटी कुठून करून घेतली याची. हे घर विकलं गेलं असतं तर शहरात नेस्टरच्या जवळपास एखादी खोली घेता आली असती. पण इस्पितळ नाही, बस नाही, त्या गावात घर कोण घेणार? तूच सांग. तू घेशील?

थट्टा केली.

नेस्टर ठीक आहे. त्याच्या मजल्यावर काम करणारी मारिसेल, फिलिपिन्सची मुलगी, फार मायाळू. गुरुवारी दुपारी मी फोन करते, ती फोन त्याच्या कानाशी धरते आणि मी बोलते. त्याचा श्वास ऐकू येतो. कधीकधी इतका स्वच्छ, की तो पलीकडच्या खोलीत आहे असं वाटतं. परवा मी बीटच्या सूपची सगळी कृती सांगितली. बोलायला दुसरं काही सुचेना. मारिसेल म्हणाली, "आँटी, ते हसले." हसला की नाही ते मी कशी बघणार? पण मारिसेल खोटं बोलणारी नाही.

तुझे खासगी लोक आले होते बरं का. पलीकडच्या गावातल्या एकाने बारा माणसांची व्हॅन काढली. भला माणूस, दार स्वतः उघडून द्यायचा. जुलै गेला, ऑगस्ट गेला. मग तो एकदा माझ्या स्वयंपाकघरात कॉफी घेताना म्हणाला, "मिसेस हुमेनिक, विमा, पेट्रोल आणि टायर. भरलेली व्हॅन नेली तरी माझ्या पदराला खार." मी म्हटलं, "म्हणूनच ते काम सरकार करत होतं ना, बाबा." त्याने सप्टेंबरात व्हॅन विकली. बाजार आला, बाजाराने पाहिलं, बाजार निघून गेला.

बर्निसच्या वस्तीची एक गाडी पेशंटना नेते. तिने माझ्यासाठी जागा मागितली होती. पण नियमाने त्या गाडीत पेशंटच बसू शकतो, पेशंटची बायको... तीही दुसऱ्या वस्तीतली... नाही. बर्निस त्यांना म्हणाली, "ही माझी बहीण आहे." ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि खो खो हसला. आम्हीही हसलो. मग गाडी गेली.

तू म्हणाला होतास, अडचण आली तर ऑफिसला फोन कर, गाडी पाठवू. एकदा केला होता. तुझ्या ऑफिसमधला मुलगा नम्र आहे. म्हणाला, "मॅडम, काम मतदारसंघाचं आहे की घरचं?" म्हटलं, "असू दे." त्याला रागावू नकोस. आणि तू गाडी पाठवलीस तरी मी बसणार नाही. वाटेतल्या थांब्यावर बर्निसने हात केला, तर तिला काय सांगू? की तुला आमदार भाऊ नाही म्हणून तू उतर?

तेव्हा काळजी करू नकोस. हॅरी पावलिकचा ट्रक आहे, त्याला शहरात काही काम निघालं की तो विचारतो. माझी सोय होते.

नाताळला, आपल्या जुन्या पंचांगाच्या सहा जानेवारीच्या, आलास तर रीतीचे बारा पदार्थ करीन. नाहीतर एकटीला बारा म्हणजे थट्टाच. गव्हाची खीर, आपली कुत्या, तेवढी करीन, मधात खसखस जास्त घालून, तुला आवडते तशी.

तुझी ताई,
स्टेफा


झोरिया,
११ मार्च २०१८

प्रिय ओरेस्त,

तुझं पत्र मिळालं. नेस्टरच्या नावाने चर्चला तू पैसे पाठवलेस, फादर तुझं नाव प्रार्थनेत घेणार आहेत. मी जेवते, झोपते. शेजारणी येऊन जातात. दुपार मात्र लांब असते.

तू लिहिलंयस की गावोगावच्या सभांमध्ये तू आमच्याविषयी बोलणार आहेस, नेस्टरच्या अंत्यविधीला बोललास तसंच, आणि पत्रकासाठी तुला माझा नि नेस्टरचा फोटो हवा आहे. फोटो काढून टेबलावर ठेवला आहे. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा. पाकिटात घालायच्या आधी काही सांगायचं आहे. हे अंत्यविधीच्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण तू लांबून आला होतास, तुझे डोळे लाल होते, आणि मला तू सहा वर्षांचा दिसत होतास.

तू बोलायला उभा राहिलास. सुंदर बोललास. नेस्टरने तुला सायकल शिकवली, शेतात ट्रॅक्टर रुतवून ठेवल्यावर तुझा गुन्हा स्वतःवर घेतला, सगळं आठवणीने सांगितलंस. लोक हसले, रडले. मग म्हणालास, "माझी ताई कुणापुढे हात पसरणारी बाई नाही. ऊन असो, बर्फ असो, दर गुरुवारी ती नेस्टरच्या उशाशी हजर असायची. शेवटच्या गुरुवारपर्यंत. आपल्या प्रांताची माणसं अशी आहेत!"

तेव्हा चर्च गप्प झालं. तुला आठवत असेल, तू क्षणभर थांबलासही. लोकांचं मन भरून आलं असं तुला वाटलं. ओरेस्त, तसं नव्हतं. खोकणारे खोकायचे थांबले. हॅरी पावलिक हातातली टोपी फिरवत होता, ती फिरायची थांबली. पेरोगीला बसणाऱ्या आम्ही सहा जणी, त्यातल्या बाकीच्या पाचजणींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या चर्चमध्ये एकूण एक माणसाला ठाऊक होतं की बस गेल्यापासून मी नेस्टरला चार वेळा पाहिलं. फक्त चार. ठाऊक नव्हतं ते एकट्या तुला.

जेवणाच्या वेळी हॅरी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "स्टेफा, सांग ना त्याला. नाहीतर मी सांगतो."

"आज नको."

"मग कधी? तो काय उद्या बसने येणार आहे?"

असं बोलून तोच चपापला. आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलंस, "ताई, बरं बोललो ना?" मी म्हटलं, "छान बोललास."

चार वेळा म्हणजे कसं, ते लिहिते.

दोनदा त्या व्हॅनने, ती महिन्यातून एकदाच शहरात जायची. तेव्हा नेस्टर मला पाहून टिचक्या मारायचा, पूर्वीसारखा. मग व्हॅन बंद झाली. ऑक्टोबरात हॅरीने नेलं. नेस्टर बारीक झाला होता. टिचकी नाही. मी हात त्याच्या हाताखाली सरकवला, तर त्याने आपला हात पांघरुणात घेतला. मला वाटलं, गार लागत असेल.

डिसेंबरात हॅरीने परत नेलं. मी आत गेले आणि नेस्टरने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले, भिंत आणि पलंग यांच्यामध्ये कशीबशी उभी राहिले. त्याने डोळे मिटले. मी सांगितलं, "नेस्टर, बस बंद झालीय. मी फोनवर सांगितलं होतं ना? सरकारने बंद केली." त्याने डोळे उघडले आणि खिडकीकडे पाहिलं. त्याच्या खिडकीखाली शहराच्या बसचा थांबा आहे. तेवढ्यात एक बस येऊन उभी राहिली. माणसं उतरली, चढली. त्याने बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी काय सांगणार होते? की ती शहराची बस, आपली वेगळी? सांगितलं. दोनदा सांगितलं. त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. आयुष्यभर तो मला म्हणायचा, "स्टेफा, तुला थापा मारता येत नाहीत." त्या दिवशी मी खरं बोलत होते आणि ते थापेसारखं ऐकू येत होतं.

निघताना त्याने माझ्या कोटाची बाही धरली. डाव्या हातात अजून पुष्कळ जोर होता. हॅरी खाली ट्रक चालू ठेवून उभा होता, अंधार व्हायच्या आत घरी पोचायचं होतं. मारिसेलने एकेक बोट सोडवलं. ती त्याला म्हणत होती, "अंकल, त्या येतील ना परत, येतील." आणि मीही म्हटलं, "येते हं."

नाताळनंतर हॅरीच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि त्याचं लायसन्स तात्पुरतं काढून घेतलं. तो स्वतः सांगायला आला. आता त्याचा ट्रक अंगणात बर्फाखाली असतो. कॉफीच्या टेबलावर मी त्याला काही बोलले नाही, कुणीच बोललं नाही. एवढी माणुसकी आहे गावात.

म्हणून जानेवारीत फोनच. मी बोलायची, तो श्वास घ्यायचा. हसला असं मारिसेल आता म्हणत नव्हती. मीही विचारत नव्हते. बर्निस मात्र कधीकधी त्याच्याकडे जाऊन बसायची, तिचं औषध झाल्यावर, पायात त्राण नसताना. मला हे तिने नाही, मारिसेलने सांगितलं.

फेब्रुवारीत सकाळी फोन आला. मी विचारलं, कोणी जवळ होतं का? मारिसेल म्हणाली, "मी होते, आँटी." मला इतकं बरं वाटलं, आणि इतका मत्सर वाटला तिचा, काय सांगू.

दोन दिवसांनी शववाहिका त्याला घेऊन आली. हायवे नांगरून स्वच्छ केला होता, गाडी कुठे अडली नाही. दारात उभी राहिली तेव्हा माझ्या मनात आलं, शहरातून आपल्या दारापर्यंत थेट आलेली कितीतरी महिन्यांतली ही पहिली गाडी. असलं मनात येऊ नये. पण आलं.

तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. खरंतर देण्यासाठीच लिहीत आहे. दोनदा पान फाडून पुन्हा लिहायला बसले, तेव्हा ते वाक्य खोडत नाही. तू एकट्याने बस बंद केली नाहीस, मला कळतं. तू नाही म्हणाला असतास तर तुझी खुर्ची गेली असती आणि बसही गेलीच असती. आम्हीच तुला निवडून दिलं, हॅरीने, मी, सगळ्यांनी. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी मोटारी नसणाऱ्यांच्या वतीने ठरवलं, आणि प्रत्येकाला वाटलं आपण कधी म्हातारे होणार नाही. पण तू मान हलवलीस. आणि त्यानंतर वर्षभर एकदाही विचारलं नाहीस, "ताई, तू जातेस कशी?" मी सांगितलं नाही, हे खरं. मानी आहे मी. तू विचारलं नाहीस, हेही खरं.

नेस्टर गेला याचं दुःख मी उचलीन. सगळ्या विधवा उचलतात. पण तो काय समजून गेला, हे मला कोण सांगणार? स्टेफा कंटाळली, असं समजून गेला का? रोज दुपारी मी इथे येऊन अडते. इथून पुढे मला जाता येत नाही.

फोटो पाठवत नाही. आमच्याविषयी सभेत बोलू नकोस. बोलायचंच असेल तर चार वेळा असं बोल.

तुझ्यावरची माया आटलेली नाही. आईच्या मागे मी तुला वाढवलं, ती काही बजेटात बसवण्याची गोष्ट नाही. भेटावंसं वाटतं. तू एकदा ये. थंडी सरल्यावर ये, इतकी मी दुष्ट नाही. पण तुझी गाडी न घेता ये. कुणाकडून मागून आणलेली नको, ऑफिसची नको. रेजायनाहून झोरियाला, एखाद्या साध्या माणसाला जसं यावं लागेल तसा ये. मी सूप करून ठेवीन, आणि काही बोलणार नाही, शेजारी बसेन.

किती दिवस लागतील ते लागू देत. आणि नाहीच जमलं, तर "नाही जमलं" एवढंच लिही. कारणं लिहू नकोस, ओरेस्त. ती मला पाठ आहेत.

वाटेकडे डोळे लावून,
तुझी ताई
स्टेफा